ते पिंप मी आणलं होतं

आमच्या चाळीतली जुनी माणसं आता चार-सहाच उरली आहेत. ती भेटली की मळ्याचा विषय निघतो, आणि मळ्याचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "त्या भंगारवाल्यानं ते पिंप दिलं नसतं, तर त्या वर्षी एवढा गोंधळ झालाच नसता." मी गप्प बसतो. पन्नास वर्षं असाच गप्प बसलो आहे.

ते पिंप भंगारवाल्यानं दिलं नव्हतं. मी आणलं होतं, कंपनीतून, गेटपासशिवाय. हे एकदा लिहून ठेवायचं म्हणून बसलो आहे. पण नुसतं पिंपाचं लिहिलं तर मळ्यावर अन्याय होईल. पिंप आमच्याकडे जेमतेम दीड महिना होतं आणि मळा होता चौदा वर्षं. म्हणून आधी मळ्याचं.

कासारवाडीला रेल्वे लाइनच्या अंगाला आमची चाळ होती. बारा खोल्या, वर पत्रा, पुढे सगळ्यांत मिळून एक नळ आणि मागे दोन न्हाण्या. न्हाण्यांचं पाणी मागच्या मोकळ्या जागेत सुटायचं आणि तिथेच साचून हिरवं व्हायचं. ती जागा रेल्वेच्या तारेपर्यंत, साधारण चार खोल्या बसतील एवढी. मालकानं भर म्हणून फाउंड्रीतली, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यातली, जळकी काळी वाळू आणून टाकली होती. त्यावर डुकरं लोळत. संध्याकाळी डासांमुळे मागचं दार उघडायची सोय नव्हती. चाळीत सगळे कंपन्यांतले कामगार. कोणी कोकणातून आलेला, कोणी मराठवाड्यातून, मी सोलापूरकडचा. त्या जागेकडे बघून नाक दाबण्यापलीकडे आम्हा बाराही घरांतल्या कोणाला काही सुचलं नव्हतं.

सदुसष्ट-अडुसष्टच्या सुमारास माझं लग्न झालं. बायकोचं माहेर दिघीच्या पलीकडचं. तिच्या वडिलांची जमीन कारखान्यांसाठी गेली आणि त्याच साली त्यांनी तिचं लग्न उरकलं. चाळीत आल्यावर दुसऱ्याच दिवशी तिनं मागचं दार उघडलं. मी म्हटलं, "अगं, लाव ते, डास येतील." ती तशीच उंबऱ्यावर उभी.

"एवढं पानी वाया चाललंय, आन् तुमी दार लावून बसता व्हय?"

"ते सांडपाणी आहे."

"सांडलं म्हनून सांडपानी. कुनी उचललंच न्हाई त्येला."

मला वाटलं, नवी आहे, बोलेल चार दिवस. पण चार दिवसांनी ती खुरपं घेऊन आली, माहेराहून. पहिल्यांदा न्हाणीच्या तोंडाशी तिनं एक खड्डा घेतला. त्यात विटांचे तुकडे आणि शेगडीतले विझलेले कोळसे भरले. खड्ड्याच्या कडेनं अळू लावलं आणि पुढे कर्दळीची रांग. घाण पाणी अळवाला चालतं, कर्दळ ते पिऊन निवळ करते, त्यापुढे ते कशालाही चालतं, असं तिचं शास्त्र होतं. काळ्या वाळूवर तिचा विश्वास नव्हता. "ह्ये भाजलेलं हाय, ह्यात काय उगवनार?" म्हणून तिनं ती वाळू ओढून कडेला बांध घातला, आणि आत नाल्यातला गाळ, गोठ्यावरचं शेण आणि पिंपरीच्या मंडईत संध्याकाळी उरणारा पाला, असं महिनोन् महिने आणून टाकलं. डोक्यावर पाटी घेऊन ती कासारवाडीच्या रस्त्यानं यायची आणि मी कंपनीची खाकी पँट घालून समोरून येत असलो, तर दुसऱ्या बाजूला बघायचो. हेही लिहितो, कारण हेही खरं आहे. समोरच्या खोलीतला फाउंड्रीवाला मला चिडवायचा, "काय राव, दिवसा फिटर आन् घरी माळी? दोन पगार घेता की काय!" मी बायकोला म्हटलं, हे शेणामातीचं बंद कर, आपण शहरात आलोय. ती म्हणाली, "शहरात आलाव म्हनून पोट गावाला ठिवलंय का?"

मी तेव्हा टेंपररी होतो. त्या काळी टेंपररी माणसाला काही महिने ठेवायचे, मग ब्रेक द्यायचे, म्हणजे घरी बसवायचे, आणि मर्जी असेल तर पुन्हा बोलवायचे. तो सलग टिकून कायम होऊ नये म्हणून ही युक्ती. ब्रेकमध्ये पगार नाही. लग्नानंतरचा माझा पहिला ब्रेक दोन-अडीच महिन्यांचा होता. आधीच्या ब्रेकमध्ये मी चहा-पावावर दिवस काढले होते, त्यामुळे या वेळी दोघांचं कसं होणार याची मला धास्ती होती.

त्या अडीच महिन्यांत आम्ही काय खाल्लं ते मला अजून आठवतं. अळूचं फदफदं, मेथीचा घोळाणा, चुक्याची आमटी, वांग्याचं भरीत, दोडक्याच्या शिरांची चटणी. रेशनची ज्वारी आणि मागची भाजी. पत्र्यावर दुधीचा वेल चढला होता, त्यामुळे खोली उन्हाळ्यात पहिल्यांदा गार राहिली. ब्रेक संपून कामावर गेलो तेव्हा खात्यातला एक जण म्हणाला, "भावा, ब्रेकमध्ये लोक वाळतात, तू तर भरून आलास!" त्या दिवशी घरी जाताना मी बायकोच्या डोक्यावरची शेणाची पाटी घेतली आणि माझ्या सायकलला लावली. समोरून फाउंड्रीवाला येत होता. त्यानं बघितलं. मीही त्याच्याकडे बघितलं.

बायकोनं मळा एकटीचा ठेवला नाही. पहिली भाजी निघाली तेव्हा तिनं अकरा घरी वानोळा दिला. वानोळा म्हणजे आपल्या रानातलं पहिलं काही निघालं की शेजारीपाजारी पाठवायचं, ही खेड्यातली रीत. चाळीत ती कोणाला ठाऊकच नव्हती असं नाही, पण विसरली गेली होती. फाउंड्रीवाल्याची बायको कोकणातली, तोंडानं फटकळ. ती म्हणाली, "गो वहिनी, एवढीशी मेथी? आमच्याकडे सहा जणं हत!" बायको म्हणाली, "मंग वाफा घ्या की एक. मी शिकविते." असं करत तीन वर्षांत आठ घरांचे वाफे झाले. पैशाचा संबंध नव्हता. एकीनं शेगडीची राख आणायची, एकीनं दुपारी शेळ्या हाकलायच्या, एकीनं बी धरायचं. न्हाणीत धुण्याचा सोडा वापरायचा नाही, शिकेकाई-रिठा चालेल, असा बायकोचा नियम होता. तो पुरुषांनाही लागू होता. फाउंड्रीवाला कुरकुरायचा, "आता अंघोळीलासुद्धा मळ्याची परवानगी!" पण सोडा बंद झाला.

दुष्काळाचं साल आलं तेव्हा बाजारात भाजी डोळ्यांनी बघायची वस्तू झाली. रेशनवर लाल ज्वारी मिळायची, तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. आमच्या चाळीत तिच्याबरोबर रोज काहीतरी हिरवं असायचं. नळाला पाणी अर्धा तास, तेही धारेनं नाही. पण अंघोळ माणूस करतोच, भांडी घासतोच, आणि ते पाणी दुसऱ्यांदा मळ्याला जायचं. शेजारच्या चाळीतल्या बायका बघायला येत. मला त्याचा अभिमान वाटायला लागला होता, आणि त्यातूनच पिंपाचं झालं.

अडचण अशी होती की अंघोळी सगळ्या सकाळी. पाणी सकाळी सुटतं आणि उन्हाळ्यात वाफ्यांना ते संध्याकाळी हवं असतं. बायको म्हणायची, हे पाणी कशात तरी धरून ठेवता आलं तर टोकाच्या चार वाफ्यांचं भागेल. मी मळ्यासाठी तोवर सायकलवरून शेण आणण्यापलीकडे काही केलं नव्हतं. मला वाटलं, ही माझ्या कामाची गोष्ट.

कंपनीत एक प्लेटिंगचं खातं होतं. लोखंडी पार्टांना मुलामा द्यायचं काम तिथे चालायचं. त्यासाठी लागणारं रसायन पत्र्याच्या मोठ्या पिंपांतून यायचं आणि रिकामी पिंपं कंपनीच्या मागच्या अंगणात पडून असायची. ती बाहेर न्यायला सक्त मनाई होती. भंगार उचलणाऱ्या ट्रकच्या क्लीनरशी माझी ओळख होती. त्यानं एक पिंप भंगाराखाली घातलं आणि नाक्यावर उतरवून दिलं. तिथून मी ते लोळवत आणलं.

पिंपावर एक कागद चिकटवलेला होता, इंग्रजी. मला इंग्रजी बोलता येत नसलं तरी अक्षरं लावून वाचता यायची, ड्रॉइंग वाचायचो मी. तो कागद मी वाचला नाही. पाण्यानं भिजवून खरवडून काढला, कंपनीची खूण नको म्हणून. मग राख, चिंच आणि गरम पाणी घालून पिंप तीनदा घासलं. आत तळाशी निळसर थर होता, तो शेवटी दिसेनासा झाला. बायकोनं विचारलं, "कशाचं हाय ह्ये?" मी म्हटलं, "तेलाचं. एका मित्रानं दिलं."

ती इतकी खूश झाली की तिनं त्या दिवशी पुरणपोळी केली.

दोन-तीन आठवडे गेले असतील. टोकाच्या चार वाफ्यांतली मेथी कडेनं जळल्यासारखी दिसू लागली. मग पालक पिवळा पडला. वांग्याची पानं आत वळली. बायकोनं राख टाकली, कडुनिंबाचं पाणी मारलं, काही फरक नाही. त्याच सुमारास कासारवाडीत जुलाब-उलट्यांची साथ आली. फाउंड्रीवाल्याच्या मुलीला दवाखान्यात ठेवावं लागलं. साथ सगळ्या वस्तीत होती, ज्यांनी आमची भाजी कधी बघितलीही नव्हती त्या घरांतही होती. पण आमच्या चाळीतल्या लोकांनी जळलेली पानं बघितली होती. दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र केल्या. गटाराच्या पाण्यावर भाजी लावली, ती पाहा, पानंसुद्धा सडली, मग पोरं आजारी पडणार नाहीत तर काय!

बायकोनं त्या आठवड्यात चांगल्या वाफ्यातला चाकवत काढून नेहमीसारखा घरोघरी वानोळा पाठवला. संध्याकाळी तो परत आला. कोणी तोंडावर नाही म्हणालं नाही. सगळ्या जुड्या आमच्या उंबऱ्यावर एकीवर एक ठेवलेल्या. बायकोनं त्या उचलल्या, निवडल्या, आमच्या दोघांपुरता चाकवत शिजवला आणि मागच्या दारात बसून, सगळ्यांना दिसेल असं, खाल्ला. मलाही तिथेच बसवलं. पिंपाचा विचार माझ्या मनात तोपर्यंत आला होता.

मग मालक आला. तो कासारवाडीचाच जुना शेतकरी, त्याचीही जमीन कारखान्यांत गेलेली, त्या पैशांत त्यानं चाळी बांधलेल्या. त्याला मागच्या जागेत चार खोल्या काढायच्या होत्याच.

"गटारीच्या पान्यावर भाज्या? माझ्या चाळीचं नाव बद्दू करता व्हय? येत्या अमावशेला नांगर घालतो समद्यावर."

बायको पदर खोचून पुढे झाली. "मालक, धा दिस द्या मला. धा दिसांत खोट पान्यात हाय का दुसऱ्या कशात, ते तुमच्या डोळ्यांनी बगा. पान्यात निगाली तर मी सोता उपटून देईन."

तो गावचा माणूस, ती जवळच्याच दिघीकडची, म्हणून माहेरवाशिणीच्या नात्यानं तिला लेकी म्हणायचा. "बरं लेकी. धा दिस."

माझी अवस्था अशी की दोन महिन्यांत माझी कायमची ऑर्डर निघेल असं साहेबानं सांगितलं होतं. सात वर्षांचे ब्रेक संपणार होते. पिंपाचा बोभाटा झाला असता तर ऑर्डर राहू द्या, चोरीच्या गुन्ह्यात अडकलो असतो. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी ते पिंप नाल्यात ढकलायला निघालो. बायको पाठीमागे उभी होती.

"ह्ये माझा साक्षीदार हाय. ह्येला कुटं न्हेताय?"

मी खाली बसलो. तिला सगळं सांगितलं. पिंप तेलाचं नव्हतं, कागद मी खरवडला, सगळं. तिला पिंपाचा संशय आधीच आला होता. जे वाफे न्हाणीतून थेट पाटानं येणाऱ्या पाण्यावर होते ते तरारून होते आणि जे पिंपाच्या पाण्यावर होते तेच जळले होते, हे तिनं पहिल्याच आठवड्यात ताडलं होतं. पिंप कुठलं, एवढंच तिला माहीत नव्हतं.

"कंपनीचं नाव म्या घ्यायची न्हाई," ती म्हणाली. "तुमची आर्डर हुंदे. पर माझ्या पान्याचंबी नाव खराब हुऊ द्यायची न्हाई. दोनी गोष्टी जमवाया पायजेत."

तिनं काय केलं ते नीट सांगतो. मी नंतर कंपनीत क्वालिटीच्या खात्यात बारा वर्षं काढली, मोठमोठे साहेब तपासणी कशी करायची ते शिकवायला आले, पण ती पद्धत मी आधी माझ्या बायकोकडून बघितली होती. तिनं तीन घमेली मागवली. तिन्हींत एकाच ढिगातली माती भरली आणि एकाच मुठीतली मेथी पेरली. पहिल्या घमेल्याला न्हाणीचं पाणी, थेट पाटातून. दुसऱ्याला नळाचं पाणी. तिसऱ्यालाही नळाचंच पाणी, पण रात्रभर पिंपात ठेवलेलं. म्हणजे पिंपाखेरीज दुसऱ्या कशावर बोट ठेवायला जागा नको. आणि पाणी तिनं स्वतः घातलं नाही. बाकीच्या दोन घमेल्यांना तिनं दुसऱ्या दोन शेजारणी नेमल्या आणि न्हाणीचं पाणी घालायचं काम फाउंड्रीवाल्याच्या बायकोला दिलं, जी सगळ्यांत जास्त बोलत होती.

"माझ्या हातानं? नको गो बाय! उद्या म्हणशील, हिनंच काय टाकलं!"

"न्हाई म्हननार. तुज्या हातानं घातलं तरच लोक खरं मानतील. माज्या हाताचं कोन मानतंय आता?"

ती कोकणातली बाई रोज सकाळी तोंड वाकडं करून यायची, पाणी घालायची, आणि तिसऱ्या दिवसापासून लवकर येऊ लागली. चौथ्या दिवशी तिन्ही घमेल्यांत मेथी उगवली. मला वाटलं, झालं, काही फरक नाही. सहाव्या दिवशी तिसऱ्या घमेल्यातल्या रोपांची टोकं तपकिरी झाली. आठव्या दिवशी ती माना टाकून पडली. दुसऱ्या घमेल्यातली, साध्या नळाच्या पाण्याची मेथी बेताची होती. आणि न्हाणीच्या पाण्याची मेथी अशी दाट, अशी हिरवीगार, की फाउंड्रीवाल्याची बायको चाळभर सांगत सुटली, "माझं घमेलं बघा, माझं घमेलं!"

दहाव्या दिवशी मालक आला. सगळी चाळ मागे जमली. तो उकिडवा बसला. तिन्ही घमेल्यांतलं एकेक रोप उपटून त्यानं मुळं बघितली, माती हातावर घेऊन हुंगली, चिमूटभर जिभेला लावून थुंकला. जमीन गेली तरी शेतकऱ्याचे हात विसरत नाहीत.

"पोरीचं खरं हाय," तो म्हणाला. "पान्यात खोट न्हाई. पिंपात हाय."

मग त्यानं न्हाणीच्या घमेल्यातली मेथी मुठीनं उपटली आणि धोतराच्या सोग्यात बांधली. "खोल्या पुढच्या अंगाला काढीन. ह्या जागंला मी हात लावत न्हाई."

बायका हसल्या, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी आयुष्यात बायकोकडे इतक्या अभिमानानं कधी बघितलं नसेल. आणि नेमकं तेव्हाच मालकानं विचारलं, "पर ह्ये पिंप आलं कुटून?"

बायको म्हणाली, "माज्या मळ्यात हुतं, म्हंजी माजंच."

"अगं, पर आनलं कुटून?"

फाउंड्रीवाला म्हणाला, "आणणार कुठून? स्टेशनाजवळ त्या भंगारवाल्या चाचाकडे असली पिंपं रांगेनं उभी असतात. तिथूनच ना राव?"

मी मान हलवली. तोंडानं एक शब्द बोललो नाही, फक्त मान हलवली. बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि खाली बघितलं.

चाचा म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये भंगाराचं दुकान चालवणारा एक साधा माणूस, पिढ्यान् पिढ्या इथलाच. लोखंड, बाटल्या, रद्दी घ्यायचा आणि धुतलेली पिंपं विकायचा. अर्ध्या वस्तीच्या घरात पाणी भरायला त्याचीच पिंपं होती. त्याच संध्याकाळी फाउंड्रीवाला आणि आणखी चार जण जाऊन त्याला वाटेल ते बोलून आले. विषारी पिंपं विकतोस, पोरांच्या जिवावर उठलास. चाचानं पुन्हा पुन्हा सांगितलं की मी दिलेलं नाही. कोणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी बायको मला घेऊन त्याच्याकडे गेली. मी रस्त्यात थांबलो, ती आत गेली. आतलं बोलणं मला ऐकू येत होतं. तिनं काही आडपडदा ठेवला नाही. पिंप कुठलं, कोणी आणलं, मान कोणी हलवली, माझी ऑर्डर निघायची आहे, सगळं सांगितलं. "चाचा, तुमी म्हनाल तर आत्ता चाळीत जाऊन सांगते. व्हायचं ते हुईल."

चाचा म्हणाला, "वहिनी, भाऊंची ऑर्डर कधी आहे?"

"दीड म्हयना हाय आजून."

"मग राहू द्या. नोकरी एकदा गेली की येत नाही. माझं काय, लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील. पण ते पिंप आधी इथे आणा, मी ते ठोकून चपटं करतो. ते कोणाच्या हाती लागायला नको." बाहेर बघून तो मोठ्यानं म्हणाला, "भाऊ, आत या की! ऊन लागेल!"

मी आत गेलो. त्यानं चहा मागवला. पाणी धरायला म्हणून त्यानं त्याच्याकडचं गोड्या तेलाचं एक पिंप बायकोला दिलं आणि तिनं कितीही म्हटलं तरी काही घेतलं नाही. त्यानंतर दर आठवड्याला मळ्यातली पहिली जुडी त्याच्या घरी जायची.

माझी ऑर्डर निघाली. कायम झालो. आता सांगायला हरकत नव्हती, असं कोणी म्हणेल. मीही स्वतःला तसं म्हणत होतो, पण कायम झाल्यावर गमवायला जास्त असतं. मग पोरं झाली. मग फाउंड्रीवाल्याशी घरोबा झाला, त्याची ती मुलगी बरी होऊन पुढे शिकली, तिच्या लग्नात मी वाढपी होतो. त्या पिंपाच्या पाण्याचा तिच्या आजाराशी काही संबंध होता का, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. जळके वाफे कोणी खाल्ले नव्हते असं बायको सांगते. जळण्याआधी खाल्ले असतील का, हे कोणाला माहीत? ती मुलगी आता आजी झाली आहे. भेटली की माझ्या पाया पडते.

मळा मात्र वाढला. पुढे फाउंड्रीवाल्याच्या कारखान्याला कित्येक महिने टाळं लागलं, तेव्हा त्याचं घर त्याच्या बायकोच्या दोन वाफ्यांनी आणि आमच्या सगळ्यांच्या वानोळ्यांनी सावरलं. त्याच काळात त्यानं मला "माळी" म्हणायचं सोडलं आणि बायकोला विचारून विचारून पत्र्यावर स्वतः भोपळ्याचा वेल चढवला. चाळीतली दोन बिऱ्हाडं दिघीकडे राहायला गेली, त्यांनी तिकडे मोरीच्या पाण्यावर अळू आणि कर्दळ लावली. तिकडून बायका खड्डा कसा घ्यायचा ते विचारायला माझ्या बायकोकडे यायच्या. सही करता न येणारी बाई, पण उकिडवी बसून जमिनीवर काडीनं नकाशा काढून द्यायची. ऐंशीनंतर एक-दोन वर्षांत मालक वारला आणि त्याच्या मुलांनी तिथे इमारत उभी केली. तोपर्यंत आठ घरांची पोरं त्या भाजीवर मोठी झाली होती. माझीही.

मागच्या महिन्यात इथपर्यंतचं सगळं लिहून झालं. बायकोला वाचून दाखवलं. तिनं दोन ठिकाणी चूक काढली, ती मी सुधारली. मग म्हणाली, "आता चला."

"कुठे?"

"दुकानात. आपल्याला वाचून काय करायचंय? आपल्याला ठावंच हाय."

चाचाला जाऊन बरीच वर्षं झाली. दुकान अजून तिथेच आहे, त्याचा थोरला मुलगा बघतो. तोही आता साठीला आला. आम्ही गेलो तेव्हा तो तांब्याची तार वजन करत होता. त्यानं खुर्च्या दिल्या. मी सगळं वाचून दाखवलं. मध्ये दोन गिऱ्हाइकं आली, त्यानं त्यांना थांबवून धरलं.

"काका, अब्बा घरी यातलं काही बोलले नाहीत," तो म्हणाला. "मी लहान होतो. एक मात्र आठवतं. एका उन्हाळ्यानंतर पाण्याचं पिंप आमच्याकडून कोणी घेईनासं झालं. अब्बांनी सगळी पिंपं ठोकून लोखंडाच्या भावात विकली. मग पुन्हा ठेवलीच नाहीत. मी कारण विचारलं, तर म्हणाले, आता प्लास्टिकचा जमाना येणार आहे."

लोक चार दिवसांत विसरतील असं चाचा म्हणाला होता. ते विसरले नव्हते, आणि त्यानं ते आम्हाला कधी कळू दिलं नव्हतं. बायको उठली. तिनं माझ्या हातातले कागद घेतले आणि त्याच्यापुढे धरले.

"ह्ये हितं भिंतीला लाव."

"काकी, इथे कोण वाचणार?"

"आमच्या चाळीतली मानसं आजून रद्दी घालाया हितंच येत्यात. वजन हुईपतुर उभीच असत्यात की. वाचतील."

तो हसला. वजनकाट्याच्या वर भिंतीवर एक कॅलेंडर होतं, ते त्यानं काढलं. दुकानात टेप शोधली, मिळाली नाही, तेव्हा त्यानं कागद एकाशेजारी एक लावून प्रत्येकाच्या कोपऱ्यांना खिळे ठोकले. थांबलेल्या दोन गिऱ्हाइकांपैकी एक जण चष्मा लावून पुढे झाला आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागला.